शहाऐंशी सालची बाटली

दुपारी लाइट गेले तसे हरिहरराव भरल्या ताटावरून उठले. उजवा हात उष्टाच होता. डाव्या हाताने त्यांनी दोरीवरचा पंचा ओढला, मोरीतल्या नळाखाली धरला आणि पाणी निथळत असतानाच ते मागच्या खोलीत गेले. सुमतीबाईंनी आमटीची पळी पातेल्यात सोडली आणि समोर बसलेल्या मैथिलीकडे पाहिलं.

"एसी बंद पडला ना," त्या हळूच म्हणाल्या.

मैथिलीला ते माहीत होतं. या घरची सून म्हणून ती आली त्याला आता बारा वर्षं होत होती आणि तिचा नवरा अद्वय गेल्यालाही चौथं वर्ष लागलं होतं. मागच्या खोलीतला एसी कोणासाठी चालतो हे तिला कोणी सांगावं लागत नव्हतं.

डोंबिवलीतल्या त्या जुन्या इमारतीत हरिहररावांचा फ्लॅट तळमजल्यावर होता. मागची खोली उत्तरेची. खिडकीला टेकून आंब्याचं झाड. उन्हाळ्यातही तिथली फरशी पायाला गार लागायची. अद्वयने वाइनची बाटली तिथे आणून ठेवली ती त्याच कारणासाठी. त्याचा स्वतःचा फ्लॅट ठाण्यात कोलशेतला, खाडीकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये, पार वर. दुपारनंतर सगळं ऊन भिंतींवर. कंपनीने त्याला फ्रान्सला सहा महिने पाठवलं होतं, तिथून त्याने ही बोर्दोची वाइन आणली होती. एका म्हाताऱ्या बागाईतदाराच्या तळघरातून, स्वतः निवडून. बाटलीवर साल होतं एकोणीसशे शहाऐंशी. अद्वयचं जन्मसाल.

"माझ्याच वयाची आहे बाबा," त्याने सांगितलं होतं. "मी चाळीस वर्षांचा झालो की उघडू. या वाइनची एक वेळ असते. आधी उघडली तर कच्ची लागते, उशीर केला तर हातची जाते. जिवंत असते ती."

हरिहररावांनी उभा जन्म एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढलेला. रंग, आम्ल, अल्कली यांच्या परीक्षा करून ते निवृत्त झाले होते. "जिवंत बिवंत काही नसतं," ते म्हणाले होते, "रसायन आहे ते." शिवाय देवघराला लागून असलेल्या खोलीत दारूची बाटली ठेवायची हे त्यांना रुचलं नव्हतं. पण मुलगा नुसता हसला आणि जुन्या दुलईची घडी करून कपाटाच्या तळच्या फळीवर त्याने बाटली आडवी ठेवून दिली.

मग एके दिवशी ऑफिसात मीटिंग चालू असताना अद्वय डोकं फार दुखतंय म्हणाला. तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. पुढच्याच उन्हाळ्यात हरिहररावांनी मागच्या खोलीत एसी बसवून घेतला. घरात आयुष्यभर "पंखा पुरे" म्हणणारा हा माणूस. त्या खोलीत कोणी झोपत नव्हतं. कपाटाजवळ त्यांनी तापमापी टांगली. सकाळी दात घासायच्या आधी ते तिथे जाऊन पारा पाहून येत. सुमतीबाईंनी एकदाच विचारलं होतं, की हे असं किती दिवस. ते तापमापी पुसत राहिले, आणि सुमतीबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

हात धुऊन हरिहरराव परत ताटावर येऊन बसले. भात गार झाला होता. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मैथिलीने वर्तमानपत्राची घडी घेऊन सासूला वारा घालायला सुरुवात केली आणि हरिहरराव खाली पाहून जेवू लागले.

आज ती का आली होती ते तिघांनाही ठाऊक होतं. पंधरा दिवसांपूर्वी तिने सुमतीबाईंना फोनवर सांगितलं होतं, की ती लग्न करते आहे. गुरुदत्त नावाचा तिच्या जुन्या ऑफिसातला माणूस, कल्याणचा, आधीचं लग्न मोडलेलं. त्याची नोकरी आता बडोद्याला. सुमतीबाई फोनवर रडल्या होत्या आणि रडता रडताच तिला म्हणाल्या होत्या, की बरं केलंस. हरिहररावांना त्यांनी सांगितलं तेव्हा ते गच्चीवर गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत. सून म्हणून त्यांचा तिच्यावर जीव होता. अद्वय गेल्यावर तिने माहेरी जायचं नाकारलं, कोलशेतच्या फ्लॅटमध्ये एकटी राहिली, दर रविवारी न चुकता डोंबिवलीला आली. ती आयुष्यभर अशीच येत राहील असं त्यांनी कधी मनात म्हटलं नव्हतं. पण धरून चालले होते.

जेवणं उरकली. मैथिलीने ताटं उचलली, ओटा पुसला आणि पदर नसतानाही हात ओढणीला पुसत बाहेर येऊन खुर्चीवर बसली. तिने सांगितलं की लग्न रजिस्टर पद्धतीने, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. फ्लॅट भाड्याने देणार, विकणार नाही. अद्वयची पुस्तकं आणि त्याचं गिटार इथे आणून ठेवलं तर चालेल का, असंही तिने विचारलं. सुमतीबाई चालेल म्हणाल्या. हरिहरराव खिडकीबाहेर पाहत होते.

"बाबा, अजून एक होतं," ती म्हणाली. "या वर्षी त्याचा चाळिसावा. तुम्ही बाटली उघडाल तेव्हा मी बडोद्याला असेन. मी येऊ का त्या दिवशी?"

 नवऱ्याच्या वाढदिवसाला या घरी येऊ का, असं तिला विचारावं लागलं, हे हरिहररावांना आत कुठेतरी लागलं. पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"मी यंदा उघडणार नाहीये."

सुमतीबाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

मग ते एकदम पुष्कळ बोलले. त्यांनी वाचलं होतं. शहाऐंशी साल त्या भागात फार चांगलं गेलं होतं. नीट सांभाळलेल्या बाटल्या पन्नास पन्नास वर्षं टिकतात, काही त्याहूनही जास्त. परदेशातली जाणकार माणसं लिहितात की या सालच्या वाइनला घाई करण्यात अर्थ नाही. तापमान एकसारखं राहिलं पाहिजे, उजेड नको, हादरा नको, बास. आपल्याकडे ते सगळं आहे. त्यांचा आवाज हळूहळू प्रयोगशाळेतल्या माणसाचा झाला. बुचातून थोडी थोडी हवा आत जाते, ते सांगत होते, आणि आत सारखं काही ना काही चालूच असतं. बाहेरून दिसत नाही. पण चालू असतं.

एवढं बोलून ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं.

"पण मग पिणार कोण, बाबा?" मैथिलीने विचारलं. तिच्या आवाजात वाद नव्हता.

"ते नंतर बघता येईल. अद्वयनेच सांगितलं होतं, घाई करायची नाही. तो थांबला असता."

मैथिलीने मान खाली घातली. ओढणीचं टोक तिने बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"तो थांबला नव्हता," ती म्हणाली. "अशा दोन होत्या."

लाइट अजून आले नव्हते. रस्त्यावरून रिक्षा गेल्याचा आवाज आला आणि लांब जाऊन विरला. मैथिलीने सांगायला सुरुवात केली तेव्हा ती दोघांपैकी कोणाकडेही पाहत नव्हती. फ्रान्सहून आल्यावर दोन्ही बाटल्या कोलशेतलाच होत्या. एक चाळिशीला आणि दुसरी अगदी म्हातारपणी, असं त्याने ठरवलं होतं. मग त्या वर्षी पावसाळ्यानंतर तिला दिवस राहिले. पुष्कळ वर्षं वाट पाहिल्यावर, डॉक्टरांचे उंबरे झिजवल्यावर. रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी त्याने एक बाटली उघडली. ती त्याला म्हणाली होती, की तीन महिने तरी जाऊ देत, कोणाला सांगायचंही नाही इतक्यात. तो म्हणाला, कोणाला सांगत नाहीये, फक्त उघडतोय. तिला तर प्यायची नव्हतीच. तिने नुसता पेल्याचा वास घेतला. तो एक पेला प्यायला, सगळ्या घरात हिंडला, बाल्कनीत जाऊन खाडीकडे बघत उभा राहिला, आणि त्या उघड्या बाटलीला उलटं बूच लावून त्याने ती फ्रीजमध्ये ठेवली.

"दहाव्या आठवड्यात गेलं," मैथिली म्हणाली.

सुमतीबाईंचा हात तोंडाशी गेला. "कधी? मला कसं..." त्या मध्येच थांबल्या. "तुला मलेरिया झालेला तेव्हा?"

"मलेरिया नव्हता, आई."

त्या वेळी सुमतीबाई आठ दिवस कोलशेतला जाऊन राहिल्या होत्या. पोरगी पांढरी फटक पडली होती. त्यांनी तिला मऊ खिचडी भरवली होती, डोक्याला तेल लावलं होतं, रात्री तिच्या शेजारी झोपल्या होत्या. डासांसाठी खिडक्यांना जाळ्या लावून घ्या म्हणून मुलाच्या मागे लागल्या होत्या. तो हो हो म्हणत होता. त्याने जाळ्या लावूनही घेतल्या.

"तो म्हणाला, आईला सांगितलं तर ती मला धरून रडेल, आणि मग मला उभं राहता येणार नाही."

 मग सुमतीबाईंनी अगदी लहान आवाजात विचारलं, "मुलगी होती का गं?"

"ते कळण्याइतकं मोठं नव्हतं, आई."

सुमतीबाईंनी डोळे पुसले नाहीत. त्या कुठेतरी मागे पाहत होत्या आणि एकेक गोष्ट त्यांना सापडत होती. "फ्रीजमध्ये एक काळपट बाटली होती," त्या म्हणाल्या. "दाराच्या खणात. उघडून पाहिली तर आंबूस वास आला. मला वाटलं, आमसुलाचं सार नासलंय. मी ती मोरीत ओतली. बाटली घासून उपडी घातली."

"हो."

"मला काय माहीत, बाळा."

"बरं झालं ओतलीत," मैथिली म्हणाली. इथे पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. "आम्हाला दोघांनाही ते जमत नव्हतं. रोज फ्रीज उघडायचो आणि दूध काढून बंद करायचो. तुम्ही ओतलीत, तेव्हा तो बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून खूप रडला. तुम्हाला वाटलं, तो आंघोळ करतोय."

हरिहरराव खिडकीशीच होते. अद्वय बाटली घेऊन डोंबिवलीला आला तो दिवस त्यांना आठवत होता. थंडी पडायला लागली होती. तो एकटाच आला होता. मैथिली कुठे आहे म्हटल्यावर म्हणाला, बरं वाटत नाहीये तिला अजून, अशक्तपणा आहे. आणि बाटली दुलईवर ठेवताना म्हणाला होता, "इथेच राहू दे बाबा. माझ्याकडे असली तर माझ्याच्याने धीर धरवणार नाही." हरिहररावांनी त्यावर दारूच्या व्यसनाबद्दल दोन शब्द ऐकवले होते. मुलाने ते मुकाट्याने ऐकून घेतले होते. त्या दिवशी तो जेवायला थांबला नव्हता एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

ते खिडकीपासून निघाले आणि मागच्या खोलीत गेले. सुमतीबाईंना वाटलं, आता हे दार लावून घेणार. पण ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात बाटली होती. ओला पंचा अजून तिच्याभोवती गुंडाळलेला होता. त्यांनी ती जेवणाच्या टेबलावर उभी केली, पंचा सोडला, आणि हत्यारांच्या डब्यातून एक लांब स्क्रू, स्क्रूड्रायव्हर आणि पक्कड काढून आणली.

"अहो, आज?" सुमतीबाई म्हणाल्या.

हरिहररावांनी चाकूही आणला. जुनी बाटली उघडण्याआधी एक दिवस उभी ठेवावी, म्हणजे गाळ खाली बसतो, हे त्यांनी वाचलं होतं. पेले कसे असावेत, खोली किती गार असावी, तेही वाचलं होतं. वरचं वेष्टन त्यांनी चाकूने कापलं. खाली बूच काळं पडून मऊ झालं होतं. स्क्रू सहज आत गेला. पक्कडीने तो ओढताना बाटली टेबलावर सरकू लागली, तशा सुमतीबाई उठल्या आणि त्यांनी बाटली दोन्ही हातांनी खालून घट्ट धरली. अर्धं बूच वर आलं. उरलेलं तुकडे होऊन आत पडलं.

"गेलं," हरिहरराव म्हणाले.

"बुचाचं काय एवढं," सुमतीबाई म्हणाल्या. "गाळून घेऊ."

त्यांनी पूजेसाठी धुऊन ठेवलेला मलमलीचा तुकडा आणला आणि स्टीलच्या तपेलीवर धरला. हरिहरराव बाटली हळूहळू कलती करत गेले, प्रयोगशाळेत काचकांडीवरून द्रव ओतावा तशी, एक थेंब बाहेर न सांडता. मलमलीवर बुचाचा भुगा राहिला. खाली उतरलं ते लाल नव्हतं. विटकरी होतं, कडेला थोडं पिंगट. वास आला तो त्यांना कशाचाच आठवेना. थोडा लाकडाचा होता, थोडा सुकलेल्या पानांचा.

मैथिलीने सरबताचे तीन पेले धुऊन पुसून आणले. सुमतीबाईंनी जन्मात कधी दारूच्या थेंबाला शिवलं नव्हतं. त्यांनी पेला घेतला, देवघराकडे एकवार पाहिलं आणि औषध घ्यावं तसा घोट घेतला. हरिहररावांनी घेतला. तुरट लागलं, मग थोडं आंबट, मग घशात काहीतरी ऊबदार राहिलं. मैथिलीने नाकाशी पेला धरला आणि तशीच धरून ठेवला. बराच वेळ. हरिहररावांना विचारायचं होतं, की दुसऱ्या बाटलीचा वास असाच होता का. पण तिचा चेहरा पाहून त्यांनी मान दुसरीकडे वळवली. ती प्यायली तेव्हा तिने पेला एकदम रिकामा केला.

त्यांनी तिचा पेला पुन्हा भरला.

"वाढदिवसाला ये," ते म्हणाले. "बाटली नसली तरी ये. ही करेल काहीतरी गोड."

तिने मान डोलावली.  सुमतीबाई खुर्ची ओढून तिच्याजवळ सरकल्या आणि तिचा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन बसल्या. आठ दिवस मलेरियाच्या रोग्याला थोपटलेल्या हाताने त्या आता तिला थोपटत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालांवर, तिथून मनगटावर पडत होतं. ज्या नातवंडासाठी रडायला त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, त्याच्यासाठी त्या इतक्या वर्षांनी रडत होत्या. हरिहररावांनी पेल्यातलं संपवलं. उष्ण वाऱ्याने खिडकीचा पडदा एकदा फुगला आणि बसला.

चारच्या सुमारास मैथिलीचा फोन वाजला. गुरुदत्त तिला न्यायला आला होता आणि गेटबाहेर गाडीत थांबला होता. तिने चेहरा धुतला, पर्स घेतली, सासूला वाकून नमस्कार केला. हरिहररावांच्या पायाशी वाकली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर काढला नाही.

"त्यांना वर बोलाव," ते म्हणाले. तळमजल्यावर राहूनही ते सगळ्यांना वरच बोलवत. "बाहेर ऊन आहे."

गुरुदत्त आला. चाळिशीच्या अलीकडचा, जाडसर चष्म्याचा माणूस. दारात चपला नीट जोडून ठेवून तो आत आला आणि कुठे बसावं हे न कळून उभाच राहिला. टेबलावरची बाटली, चाकू, बुचाचे तुकडे त्याने पाहिले. बायकांचे रडलेले चेहरेही पाहिले. मैथिलीने त्याला या बाटलीबद्दल सांगितलेलं असावं, कारण तो बाटलीकडे पाहिल्यावर जरा मागे सरकला.

"बसा," हरिहरराव म्हणाले. सुमतीबाईंनी चौथा पेला आणला. हरिहररावांनी तपेलीतलं थोडं त्यात ओतलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. गुरुदत्तने मैथिलीकडे पाहिलं. तिने नजर उचलली नाही. मग त्याने पेला दोन्ही हातांत धरला आणि एक घोट घेतला.

"कशी आहे?" हरिहररावांनी विचारलं. त्यांना खरोखरच कोणीतरी सांगायला हवं होतं. हिची वेळ आली होती, यायची होती, की होऊन गेली होती.

गुरुदत्तने आणखी एक घोट घेतला, विचार केला आणि पेला खाली ठेवला.

"खरं सांगू का काका, मला यातलं काही कळत नाही."

हरिहरराव त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी तपेली उचलली आणि उरलेलं चौघांच्या पेल्यांत सारखं वाटलं.

"आम्हालाही नाही," ते म्हणाले.